'डिप्लॉय'ला तैनात म्हणू नका, तिथे घडी मोडायची असते

विचारणा अशी आहे. एका कंपनीच्या मराठी कार्यपुस्तिकेत वाक्य आहे: 'ॲप्लिकेशन प्रथम चाचणी सर्व्हरवर तैनात करावे, चाचणी यशस्वी झाल्यास उत्पादन सर्व्हरवर तैनात करावे.' 'डिप्लॉय' म्हणजे तयार ॲप्लिकेशन सर्व्हरवर नेऊन चालू करणं; त्यासाठी 'तैनात' बरोबर का? आणि टेस्टिंगला चाचणी म्हणावं, परीक्षण म्हणावं की कसोटी?

तैनात चूक. गेली काही वर्षं हा शब्द इतक्या वेळा कानावर आदळतोय की आता कुणी 'तैनात केलं' म्हटलं की मला सर्व्हरच्या दाराशी भाला घेतलेला शिपाई दिसतो. वेब ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्याला आपण लाडाने 'वॉर फाइल' म्हणतो, त्यामुळे भाषांतरकाराला फौजफाटा आठवला असेल तर नवल नाही. पण तिथलं 'वॉर' हे 'वेब ॲप्लिकेशन अर्काइव्ह'चं आखूड रूप आहे, त्यात युद्ध नाही.

तैनात आला अरबी 'तअय्युन'वरून, फारसीच्या वाटेने. अर्थ नेमून देणं, मुक्रर करणं. शाळेत पाठ केलेली तैनाती फौज आठवा. १७९८ मध्ये निजामाने ती पत्करली, १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पडली. खर्च राज्यकर्त्याचा, हुकूम कंपनीचा. (मोठ्या सॉफ्टवेअरचे परवाना-करार ज्यांनी वाचलेत त्यांना हा मामला ओळखीचा वाटेल.) म्हणजे तैनातीत महत्त्वाचं काय, तर नेमलेल्या जागी हजर असणं. आणि सर्व्हर हा तर मुळातच सेवक; लॅटिन 'सर्व्हस' म्हणजे चाकर, गुलाम. चाकराच्या डोक्यावर आणखी एक शिपाई कशाला तैनात करता?

आता खरा शब्द पाहू. डिप्लॉय हा फ्रेंच 'देप्लॉये'वरून आला, त्याच्या मागे लॅटिन 'डिस्प्लिकारे'. 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणं, 'डिस्' म्हणजे त्याच्या उलट. घडी मोडणं! इंग्रजीने हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करासाठी उचलला हे खरं, पण तेव्हाही त्याचा अर्थ पहाऱ्यावर उभं करणं असा नव्हता. एकामागे एक चालत आलेली अरुंद, लांब पलटण मैदानावर पोचली की आडवी पसरायची. पलटणीची घडी उलगडायची, आणि त्या उलगडण्याला म्हणायचे डिप्लॉय. नेमणुकीचा अर्थ मागाहून चिकटला, आणि आपण नेमका तो मागाहून चिकटलेला अर्थ उचलून आणला.

या घडीचा गोतावळा केवढा आहे ते बघा. ॲप्लिकेशन हा शब्दच 'ॲड' अधिक 'प्लिकारे', म्हणजे घडी एखाद्या गोष्टीला लगटून बसवणं. डुप्लिकेट म्हणजे दुहेरी घडी. रेप्लिका त्याच घरातली. डिस्प्ले आणि डिप्लॉय तर सख्खी भावंडं. एकाच 'डिस्प्लिकारे'ची दोन रूपं, वेगवेगळ्या काळी इंग्रजीत आलेली. कुबर्नेटिस या ॲप्लिकेशनच्या अनेक प्रती चालत्या ठेवणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये 'डिप्लॉयमेंट' लिहून त्याखाली 'रेप्लिकाज', म्हणजे प्रती, किती ते लिहिणारा माणूस घड्यांचाच हिशेब मांडत असतो, त्याला पत्ता नसतो एवढंच.

आणि वस्तुस्थितीही अशीच आहे. वॉर फाइल म्हणजे झिपच्या पद्धतीने बांधलेलं बोचकं. टॉमकॅट या जावा भाषेतली वेब ॲप्लिकेशनं चालवणाऱ्या सर्व्हरच्या 'वेबॲप्स' फोल्डरमध्ये ते टाका. वेगळी सूचना दिलेली नसेल तर टॉमकॅट ते सोडतो, त्याच नावाचं फोल्डर तयार होतं, आत पानं, क्लास (म्हणजे जावा प्रोग्रामचे तुकडे), 'वेब डॉट एक्सएमएल' ही मांडणीची फाइल, सगळं पसरलेलं दिसतं. ही घडी मोडताना डोळ्यांनी दिसते. या मोकळ्या रूपाला 'एक्सप्लोडेड' म्हणतात, आणि एक्सप्लोडचा मूळ अर्थ टाळ्या वाजवून नटाला रंगमंचावरून हाकलून देणं असा आहे. पण तो विषय वेगळा, आवरतो.

मराठीत घडी मोडणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. कोरा सदरा पहिल्यांदा अंगात घातला की 'आज घडी मोडली' म्हणतो. त्याआधी तो शिवून तयार असतो, मापाचाही असतो, पण कपाटात असतो. ॲप्लिकेशन जावाच्या कंपायलरमधून बाहेर पडलं, बोचकं बांधलं गेलं, तरी ते अजून कपाटातच. जे 'तैनात'मध्ये कुठेच नाही ते या दोन शब्दांत आयतं आहे: आधी घडी होती, आता ती वस्तू वापरात आली.

एक जाणकार भाषांतरकार मला म्हणाले की घडी मोडणं अशुभ वाटतं, 'संसाराची घडी मोडली' तशातलं. पारिभाषिक शब्द गंभीर हवा, 'उपयोजन' घ्या. अहो, ॲप्लिकेशनला उपयोजन तुम्हीच दिलंत! आता डिप्लॉयमेंटलाही तेच दिलंत तर आम्ही 'उपयोजनाचं उपयोजन' करत बसायचं? मग हिंदीतलं 'परिनियोजन' पुढे येतं. परि, नि, योजन. तीन डबे जोडलेली गाडी, आणि तिन्हींत प्रवासी नाहीत. राहिली अशुभाची गोष्ट. ज्याने भर दिवसा चालत्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली आहे त्याला घडी मोडण्याचे दोन्ही अर्थ एकाच मिनिटात अनुभवायला मिळालेले असतात. शब्दात तेवढी जागा असणं हा मी गुण मानतो.

'तैनात'ने नुकसान कसं होतं तेही सांगतो. माझ्या एका जुन्या नोकरीत वाइल्डफ्लाय नावाचा असाच एक सर्व्हर होता, ज्याला पूर्वी जेबॉस म्हणत. त्याच्या 'डिप्लॉयमेंट्स' फोल्डरमध्ये फाइल ठेवली की शेजारी चिठ्ठीवजा छोट्या फाइली उमटतात: काम चालू असताना 'इजडिप्लॉयिंग', जमलं तर 'डिप्लॉइड', फसलं तर 'फेल्ड'. नव्या सहकाऱ्याने कार्यपुस्तिका वाचली, वॉर फाइल फोल्डरमध्ये ठेवली आणि कळवलं, 'तैनात केलं.' खोटं नव्हतं ते. फाइल नेमलेल्या जागी हजर होती. शेजारी 'फेल्ड'ची चिठ्ठीही हजर होती आणि तिच्यात कारणसुद्धा लिहिलेलं होतं: डेटासोर्स, म्हणजे डेटाबेसशी जोडून देणारी नोंद, सापडत नाही. चाचणीच्या सर्व्हरवर त्या नावाचा डेटासोर्स मांडलेला होता, खऱ्या सर्व्हरवर कुणी मांडलाच नव्हता. शिपाई जागेवर उभा, बंदूक मागच्या गावात! पुस्तिकेत 'उलगडलं का ते पाहा' असं लिहिलं असतं तर त्या पोराने चिठ्ठी उघडून पाहिली असती, अशी माझी खात्री आहे. आमचे तेव्हाचे साहेब म्हणायचे की दोष शब्दाचा नाही, आळसाचा आहे. साहेब भाषेच्या बाबतीत नेहमीच चुकायचे.

उलट क्रियेला 'अनडिप्लॉय' म्हणतात. न-वि-घडी! आणि गंमत म्हणजे घडी परत तशीच बसत नाही, कपड्याची बसत नाही तशीच. ॲप्लिकेशन उतरवलं, पण त्याचा एखादा थ्रेड, म्हणजे चालू कामाचा धागा, मागे चालू राहिला किंवा सर्व्हरच्या कुठल्या तरी कोपऱ्याने त्याच्या एका क्लासला धरून ठेवलं, तर ते क्लास आणून देणारा क्लासलोडर जुन्या सगळ्या क्लासांसकट मेमरीत बसून राहतो. असं पाच-सात वेळा चढव-उतर केलं की 'पर्मजेन', म्हणजे क्लासांची माहिती ठेवायचा मेमरीतला कप्पा, भरायचा आणि सर्व्हर हात वर करायचा. २०१४ मध्ये जावा ८ आलं, पर्मजेन गेला, त्याच्या जागी मेटास्पेस आला. गळती मात्र तशीच होऊ शकते, फक्त कळायला उशीर लागतो. शिपाई असता तर तैनाती संपल्यावर घरी गेला असता.

रोजच्या बोलण्यात मंडळी 'बिल्ड (म्हणजे तयार बोचकं) टाकला', 'वर चढवला' म्हणतात ते मला चालतं. 'टाकला' म्हणजे फाइल नुसती नेऊन ठेवली, इतकं ते प्रामाणिक आहे. 'चढवला' त्याहून बरा, कारण सदराही आपण अंगावर चढवतोच. कार्यपुस्तिकेत 'घडी मोडावी' लिहायला कंपनी धजणार नाही हे मला कळतं, तेव्हा 'चढवावे' लिहा. 'उत्पादन सर्व्हर' मात्र खोडा. तिथे काही साबण तयार होत नाहीत. प्रॉडक्शन म्हणजे मुळात पुढे आणणं, चारचौघांसमोर आणणं, म्हणून नाटकाचंही प्रॉडक्शन असतं. 'प्रत्यक्ष वापराचा सर्व्हर' म्हणा, एक शब्द जास्त लागला तर लागला.

टेस्टचं राहिलंच की. टेस्ट म्हणजे सोनं-चांदी शुद्ध आहे का हे बघायला ते ज्यात वितळवत ती मातीची मूस. आपली कसोटी म्हणजे सोनं घासायचा दगड, संस्कृत 'कष'वरून. दोन्ही सोनाराचीच, पण कामं निराळी. ब्राउझर उघडून बाहेरून बटणं दाबत बसलात तर ते दगडावर घासणं झालं. सर्व्हरच्या आत चाचण्या चालवणारं अर्किलियनसारखं साधन घेतलंत, त्याच्या श्रिंकरॅपने चाचणीतच छोटंसं बोचकं बांधलंत, ते सर्व्हरच्या पोटात सोडून तिथेच तपासलंत, तर ती मूस. मी असा भेद करतो, तुम्ही सरसकट चाचणी म्हणा, काही बिघडत नाही. परीक्षण नको, त्याला नाटक-सिनेमाचा वास येतो. पण 'चाचणी यशस्वी झाल्यास' हे पुस्तिकेतून काढा. जी चाचणी दोष पकडते ती यशस्वी नाही तर काय? 'कसाला उतरल्यास' लिहा.