माहेश्वरीचे पडदे

प्रश्न : आमच्या बैठकीला पश्चिमेकडे चार फूट रुंद खिडकी आहे. आईच्या जुन्या माहेश्वरी साडीचे पडदे आणि सोफ्याची खोळ करावी का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पडदे अवश्य करावेत, सोफ्याची खोळ मात्र करू नये. पारंपरिक माहेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो, त्यामुळे रोजच्या बसण्या-उठण्याने घासून ते वस्त्र लवकर विरते. सोफ्यासाठी जाड सुती कापडच बरे, आणि रंगीत हवे असेल तर धार जिल्ह्यातील बाग या गावच्या ठसेछपाईचे घ्यावे, पण ते पहिल्यांदा वेगळे धुवावे.

साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. सात फुटी दोन पडदे काढल्यास खिडकीच्या जवळजवळ दुप्पट रुंदी मिळून चुण्या नीट पडतात. पश्चिमेच्या उन्हात रेशीम कुजते, म्हणून खिडकीच्या बाजूने फिक्या सुती कापडाचे अस्तर लावावेच. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच देखणा असतो, त्याची मागची बाजू अस्तराआड झाकली जाईल, याला इलाज नाही. उरलेल्या पदराचे उशीचे अभ्रे होतील.