पिग्मी एजंटची तूट आणि संगणकाची साक्ष

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सहकारी बँकेच्या संगणक विभागात तू नुकतीच रुजू झालीस आणि एवढ्यातच असा पेच समोर यावा, याचे मला आश्चर्य वाटले नाही. एका पिग्मी एजंटच्या, म्हणजे रोज फिरून खातेदारांची छोटी बचत गोळा करणाऱ्या माणसाच्या, हिशेबात तूट दिसते आहे, गोळा केलेला पैसा न् पैसा भरला असे तो शपथेवर सांगतो आहे, आणि व्यवस्थापकांना तुझ्याकडून ‘प्रणालीत कोणताही दोष नाही’ असे एका ओळीचे पत्र हवे आहे, म्हणजे त्यांना पुढची कारवाई करता येईल. त्याच पत्रात तू हेही विचारले आहेस की माहिती तंत्रज्ञान वापरणाऱ्या संस्थेवर कोणती कायदेशीर बंधने असतात आणि त्यासाठी काय वाचावे. हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

ती ओळ लिहू नकोस. एजंट खरे बोलतो की खोटे, हे तुला आणि मला ठाऊक नाही. पण प्रणालीत दोष नाही, हेही तुला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही त्यावर आपली सही असता कामा नये. तू कोणत्या तारखांच्या नोंदी पाहिल्यास, त्यात काय आढळले, आणि काय तपासण्याचे अधिकार तुझ्याकडे नसल्यामुळे ते पाहता आले नाही, एवढे स्पष्ट लिही. मी इतक्या आग्रहाने का सांगतो आहे ते कळावे म्हणून ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसचे प्रकरण तुला थोडे सविस्तर सांगतो.

तिथे 1999 पासून गावोगावच्या पोस्टाच्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसवली गेली. ती फुजित्सूच्या मालकीच्या आयसीएल या कंपनीने तयार केली होती. शाखा चालवणारे उपडाकपाल बहुतेक छोटे दुकानदार होते आणि शाखेत तूट आली तर ती त्यांनी भरून द्यावी, असे पोस्ट ऑफिस करारावर बोट ठेवून त्यांना सांगत असे. प्रणाली आली आणि अनेक शाखांत कारण न कळणाऱ्या तुटी दिसू लागल्या. मदतकेंद्राला फोन केला तर अनेकांना सांगण्यात आले की अशी अडचण फक्त तुमच्याकडेच येते आहे. लोकांनी साठवलेले पैसे भरले, कर्जे काढून भरले, काहींनी शाखा चालू ठेवण्यासाठी हिशेब जुळल्याची नोंद केली, आणि मग त्याच नोंदीवरून त्यांच्यावर खोट्या हिशेबाचा आरोप आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोस्ट ऑफिस स्वतःच फिर्यादी म्हणून खटले चालवत होते, म्हणजे तक्रारदार, तपास करणारे आणि खटला चालवणारे एकच. सुमारे दीड दशकात 900 हून अधिक जण दोषी ठरले. वेस्ट बायफ्लीट येथील भारतीय वंशाच्या एका उपडाकपाल महिलेला 2010 मध्ये 15 महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा ती गरोदर होती.

दोष कसे होते, याचा एक नमुना बघ. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन शाखेत 2015 मध्ये 8,000 पौंडांची रोकड जोडशाखेकडे वळवल्याची नोंद करायची होती. एंटर दाबल्यावर पडदा पुढे सरकेना, म्हणून तिथल्या बाईंनी पुन्हा पुन्हा एंटर दाबले आणि प्रणालीने प्रत्येक वेळी नवी नोंद धरली. चार नोंदी झाल्या आणि प्रत्यक्षात कुठेही न गेलेल्या 24,000 पौंडांची तूट तयार झाली. पडद्यापुढे बसलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नव्हते. त्याला फक्त शेवटची बाकी दिसत होती. याहून गंभीर बाब अशी की फुजित्सूचे अभियंते दूरवर बसून, उपडाकपालाला न कळवता, शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते. ही गोष्ट पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे नाकारत राहिले आणि न्यायालयात प्रकरण तापल्यावर ती मान्य करावी लागली.

न्यायालयांनी हे इतकी वर्षे कसे मान्य केले, हा प्रश्न तुला पडेल. तिथे पूर्वी असा नियम होता की संगणकाची नोंद पुरावा म्हणून द्यायची, तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे लागे. 1999 च्या कायद्याने तो नियम काढून टाकला, आणि उलट काही दिसत नसेल तर यंत्र नीट चालले असे गृहीत धरण्याची रीत उरली. ज्याच्याकडे शेवटची बाकी सोडून काहीच नाही, त्याने यंत्रातला दोष दाखवायचा कसा? अखेर ॲलन बेट्स हे माजी उपडाकपाल आणि इतर मिळून 555 जणांनी दावा लढवला. डिसेंबर 2019 मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीत दोष असल्याचा आणि त्यांचा शाखांच्या हिशेबावर परिणाम झाल्याचा निर्णय दिला. एप्रिल 2021 मध्ये अपील न्यायालयाने 39 जणांची दोषसिद्धी रद्द केली, आणि 2024 मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून उरलेल्यांपैकी शेकडो जणांची दोषसिद्धी रद्द करावी लागली.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करते ते 2013 साल. त्या वर्षी पोस्ट ऑफिसला सल्ला देणाऱ्या वकिलानेच लेखी कळवले होते की खटल्यांत साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाने त्याला ठाऊक असलेले दोष न्यायालयापासून लपवले. तो कागद संस्थेच्या दप्तरात होता आणि तरीही तुरुंगवास भोगून आलेल्यांना त्याचा पत्ता लागायला अनेक वर्षे गेली. तंत्रज्ञांपैकी कुणीच बोलले नाही असे मात्र नाही. फुजित्सूत काम केलेले रिचर्ड रोल पुढे आले आणि शाखेला न कळवता नोंदी बदलता येत होत्या हे त्यांनी न्यायालयात सांगितले. तुझ्या जागेवर बसलेल्या माणसाच्या साक्षीला किती वजन असते, हे त्यावरून ओळख.

आता तुझ्या एजंटकडे येऊ. त्याच्या हातातील यंत्रावर दिवसभरात निघालेल्या पावत्यांचे क्रमांक आणि संध्याकाळी सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत, चढलेल्या नोंदींचे क्रमांक समोरासमोर ठेव. एकच पावती दोनदा चढली आहे का, रेंज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पडली आहे का, डे एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाल्यानंतर कुणी हाताने दुरुस्ती केली आहे का आणि केली असेल तर ती कोणाच्या आयडीवरून, हे पाहा. खातेदारांच्या पासबुकांशी काही नोंदी ताडून घे. इतर एजंटांच्या खात्यांत लहानसहान फरक आले होते आणि ते ‘किरकोळ’ म्हणून मिटवले गेले का, हेही विचार, कारण होरायझनमध्ये ‘फक्त तुमच्याकडेच’ हे वाक्य टिकले ते कुणी सगळ्या तक्रारी एकत्र पाहू दिल्या नाहीत म्हणून. आणि जे सापडेल त्याची प्रत एजंटला मिळावी, अशी लेखी शिफारस कर. त्याच्यावरचा आरोप ज्या नोंदींवर उभा आहे त्या त्याला पाहायला मिळाल्याच पाहिजेत. हे सौजन्य नव्हे, हा त्याचा हक्क आहे.

प्रकरण न्यायालयात गेले तर आपल्याकडचा कायदा तुला आणखी जवळून गाठेल. पुराव्याचा नवा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याच्या कलम 63 नुसार संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही, म्हणजे नोंदीत काही बदलले तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहायचे असते. जुन्या कायद्यातील कलम 65 ब खाली असे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितले होते. तो वाद जालना विधानसभेच्या निवडणुकीतील अर्ज वेळेत भरला की नाही, यावरून आणि त्या वेळच्या चित्रीकरणावरून निघालेला होता. निकाल मिळवून वाच, कारण त्यात तुझ्या कामाची गोष्ट आहे. प्रमाणपत्राच्या नमुन्यात ‘त्या काळात यंत्र योग्य रीतीने चालू होते’ अशा अर्थाचे विधान असते. खाली सही करणारा एक जिवंत माणूस असतो, आणि बहुतेक संस्थांत तो कागद छापून संगणक विभागातल्या सर्वांत नव्या माणसापुढे ठेवला जातो.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक चांगला पायंडा घातला आहे. डिसेंबर 2017 च्या परिपत्रकात सहकारी बँकांना सांगण्यात आले की खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात खातेदार जबाबदार आहे, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. दोष ना बँकेचा ना खातेदाराचा, तर तिसऱ्याच कुणाचा असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खातेदाराने कळवले असेल, तर त्याला झळ लागणार नाही, असेही त्यात म्हटले होते. होरायझनच्या नेमके उलटे हे तत्त्व आहे. संस्थेला पडद्यामागचे दिसते, समोरच्याला फक्त पडदा दिसतो, म्हणून पुराव्याचे ओझे ज्याला दिसते त्याने उचलायचे. परिपत्रक खातेदारांसाठी आहे, एजंटसाठी नाही, हे मी जाणतो. तरीही त्यामागचा न्याय एजंटलाही लागू व्हावा असे मला वाटते, आणि तुमच्या संचालक मंडळाला तसे ठरवायला कोणताही कायदा आड येत नाही.

खातेदारांच्या माहितीचेही तसेच आहे. खातेदाराने केवायसीसाठी दिलेली आधारची झेरॉक्स पुढे कुठे जाते, हे त्याला दिसत नाही. मी लेखापरीक्षणासाठी शाखांमध्ये जातो तेव्हा काउंटरच्या संगणकावरचा ‘डाउनलोड्स’ फोल्डर आधी उघडायला सांगतो. तिथे पॅन कार्डे, सह्यांचे नमुने, बायका-मुलांचे फोटो, कर्जदारांची वैद्यकीय बिले पडलेली असतात, आणि त्यातली पुष्कळशी शाखेच्या व्हॉट्सॲप गटावरून आलेली असतात. यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. काम लवकर उरकावे एवढीच इच्छा असते. ही सवय तुझ्या शाखांत मोडून काढता आली तर तुझ्या पहिल्या वर्षाचे ते मोठे काम ठरेल.

कायद्याच्या बाजूने, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले असून संस्थांवरच्या मुख्य कर्तव्यांसाठी 18 महिन्यांची मुदत दिली आहे. तोपर्यंत काही नाही, असे कुणी म्हणाले तर त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43 अ दाखव. संवेदनशील माहिती निष्काळजीपणे सांभाळल्यास भरपाईची तरतूद त्यात आहे. नव्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बैठकीत सगळे हा आकडाच बोलतील. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सूचनेच्या भाषेची तरतूद. माहिती कशासाठी घेतो हे इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला दिली पाहिजे, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. तुमच्या मोबाइल ॲपवरची संमतीची सूचना तू स्वतः मराठीत लिही, शाखेतल्या शिपायाला वाचायला दे, आणि त्याला ती कळली नाही तर पुन्हा लिही. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे हवे, असे कायदा म्हणतो.

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीबद्दल थोडक्यात. चूक व्हेंडरची आहे, असे सांगून संस्था सुटत नाही. करारात काहीही लिहिलेले असले तरी माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेचीच राहते, हे 2023 च्या कायद्यात स्पष्ट आहे. म्हणून व्हेंडरचा माणूस एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून संगणक हाताळण्याच्या सॉफ्टवेअरमधून, आत येतो तेव्हा कोण, कधी, कशासाठी आले आणि काय बदलले, याची नोंद बँकेच्या ताब्यात राहिली पाहिजे, त्याच्या नव्हे. मेकरचा (नोंद करणाऱ्याचा) आणि चेकरचा (ती तपासून मंजूर करणाऱ्याचा) पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असेल, तर ती व्यवस्था कागदावरच आहे असे समज.

शेवटी, घुसखोरी झाली तर काय करायचे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला झाला, तेव्हा दोन-तीन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले आणि त्यातला मोठा भाग परदेशांतील एटीएममधून काढला गेला. इतक्या वेगापुढे ‘आधी आपण आतल्या आत बघू’ हे धोरण टिकत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावे लागते आणि लॉग, म्हणजे प्रणालीत काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपून ठेवावे लागतात. 2023 चा माहिती संरक्षण कायदा पूर्ण लागू झाल्यावर ज्यांची माहिती बाहेर गेली त्यांनाही विनाविलंब सांगावे लागेल. वरिष्ठ तुला थांबायला सांगतील, बँकेच्या नावाची काळजी त्यांनाही खरीच असेल. तरी तारीख-वेळ लिहून ईमेलने कळव, तोंडी बोलणे झाले असेल तर त्याचा सारांश त्याच दिवशी लिहून पाठव, आणि लॉगला कुणालाही हात लावू देऊ नकोस. आज दुपारीच लॉग किती दिवस मागचे आहेत ते पाहून घे. अनेक ठिकाणी डिस्क भरते म्हणून ते महिन्याभरात पुसले जातात आणि गरज पडते तेव्हा काहीच हाती लागत नाही. व्हेंडरबरोबरच्या कराराची कलमे पाहण्याची परवानगी तुझ्या व्यवस्थापकांनी दिली, तर आपण दोघे मिळून ती वाचू.

तुझा,
प्रकल्प-मार्गदर्शक