जुन्या नोंदी टाइप करायच्यात? सोलापूरकरांचे प्रश्न

प्रश्न: रिटायर झालोय, लॅपटॉप आहे. घरबसल्या जुन्या नोंदी टाइप करायचं काम कसं सुरू करू? – एक वाचक, जुळे सोलापूर

काका, फॅमिलीसर्च या घराण्याचे पूर्वज शोधायच्या साइटवर फुकट खातं उघडा. जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो समोर येतो, त्यातलं नाव, गाव, तारीख, आईबापाचं नाव दिलेल्या रकान्यांत भरायचं. काही ठिकाणी कॉम्प्युटरने आधीच वाचून ठेवलेलं असतं, आपण फक्त तपासायचं. पैसे मिळत नाहीत.

प्रश्न: इंग्रजी रजिस्टरमध्ये सोलापूरचं स्पेलिंग शोलापूर आहे, माणसांच्या नावांचं तर पार वाटोळं केलंय. दुरुस्त करू का? – एक वाचक, अशोक चौक

अजिबात नको. प्रोजेक्टच्या सूचनांत वेगळं सांगितलं नसेल तर जे दिसतंय तेच टाइप करायचं. तुम्ही अंदाजाने नाव "सुधारलं" आणि ते चुकलं तर त्या माणसाचा पणतू कितीही शोधू दे, त्याला ते पान सापडणारच नाही, आणि चूक झालीय हे कुणाला कळणारही नाही. जुन्या वळणदार इंग्रजीत मोठा एल आणि मोठा एस फार सारखे दिसतात, तेव्हा त्याच पानावर त्याच कारकुनाने दुसरीकडे तो एल कसा काढलाय ते बघा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. तरी वाचता आलं नाही तर वाचता येत नाही अशी खूण करायची सोय असते, ती बिनधास्त वापरा.

प्रश्न: आमच्या गावच्या कोतवाल बुकाच्या पानांचे फोटो मिळालेत पण सगळं जुन्या मोडी लिपीत आहे. यादी करता येईल का? – एक वाचक, बार्शी

येईल की, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोलाचं काम आहे कारण आपल्या गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी बाहेरचं कोण येऊन वाचणार? आधी मोडी शिका, घाई करू नका. मोडीत आधी ओळ आखतात आणि खाली सलग लिहीत जातात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घही सहसा पाळलेले नसतात, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. ते आपले आजोबाच असणार असं वाटलं तरी रकाना रिकामाच ठेवा, अंदाज शेऱ्यात लिहा. सनाचंही तसंच. शकात ७८ आणि फसलीत (जुन्या महसुली सनात) ५९० मिळवले की इसवी सन येतो, महिन्यानुसार एखादं वर्ष पुढे जातं. म्हणून मूळ सन आहे तसा ठेवून इसवी सन शेजारी वेगळा टाका.

प्रश्न: आमच्याकडे हेळवी (घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारे) येतात, पिढ्या वाचून दाखवतात. ते टाइप करून ऑनलाइन टाकू का? – एक वाचक, अक्कलकोट

आधी त्यांना विचारा, त्या वहीवर त्यांचं पोट आहे. हो म्हणाले तर गेलेल्या माणसांचीच नावं टाका, हयात माणसांची नको, आणि कुणी कधी वाचून दाखवलं तेही लिहून ठेवा.