आयएसएमबी २०० ऐवजी १५० च्या दोन चॅनल चालतील का?

तुमच्या पोटमाळ्याच्या ड्रॉइंगमध्ये आयएसएमबी २०० (आय आकाराचा, २०० मिमी उंचीचा लोखंडी बीम) आहे आणि दुकानदार म्हणतोय, "१५० च्या दोन चॅनल पाठीला पाठ लावून घ्या, वजन जास्तच भरेल." (चॅनल म्हणजे सी आकाराचा लोखंडी सेक्शन, इथे १५० मिमी उंचीचा.) कृपया असं परस्पर बदलू नका.

वजन खरंच जास्त आहे: बीम मीटरला सुमारे २५ किलो, चॅनलची जोडी ३३ च्या आसपास. पण बीम वाकतो किती, हे वजनावर नाही, उंचीवर जास्त ठरतं. आयएसएमबी २०० चा इनर्शिया (आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) साधारण २२०० सेंमी⁴, जोडीचा जेमतेम १५७०. म्हणजे पैसे जास्त देऊन बीमचा झोल (मध्ये खाली वाकणं) एक तृतीयांशाहून जास्त वाढणार! वर फरशी असेल तर भेगा तिथेच दिसतील. शिवाय दोन्ही चॅनल ठरावीक अंतरावर नीट जोडल्या नाहीत तर त्या एक होऊन काम करत नाहीत.

२०० च्या दोन चॅनल ताकदीला पुरतात, पण टोकाची प्लेट, बोल्टची भोकं सगळं बदलतं. म्हणून डिझायनरकडून लेखी सुधारित ड्रॉइंग घ्याच. आणि माल आल्यावर एक मीटर तुकडा वजन करून बघा. री-रोल्ड (जुनं लोखंड पुन्हा लाटून केलेला) माल बऱ्याचदा हलका निघतो.