अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये फाऊलचे नियम कडक केल्यावर खेळ सुधारला, की नुसत्या शिट्ट्या वाढल्या?

दोन्ही झालं, पण एकाच वेळी नाही. आधी शिट्ट्या वाढल्या आणि खेळ नंतर सुधारला. मधल्या काळात पंच सैल पडले तेव्हा सगळं पुन्हा जुन्या वळणावरही गेलं. खरा प्रश्न असा की हातांचा वापर रोखल्याने नेमकं काय बदललं. त्यासाठी आधी पुरुषांच्या एनसीएए डिव्हिजन वनमधला (अमेरिकन कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) २०१३ चा बदल बघावा लागेल.

२०१२-१३ च्या मोसमात प्रत्येक संघाची सरासरी सामन्यामागे ६७.५ गुणांवर आली होती. इतका कमी स्कोअर गेल्या तीसेक वर्षांत झाला नव्हता. गंमत म्हणजे त्या वर्षी फाऊलही अगदी कमी होते. खेळाडू सभ्य झाले होते म्हणून नव्हे. धक्काबुक्की एवढी रोजची झाली होती की पंच शिट्टीच वाजवेनात. ड्रिबल करणाऱ्याच्या (चेंडू टप्पे देत नेणाऱ्याच्या) कमरेवर हात, कट मारणाऱ्याला (चेंडूविना मोकळ्या जागेत धावणाऱ्याला) छातीने अडवणं, पोस्टमध्ये (बास्केटजवळच्या जागेत) गुडघा लावून ढकलणं हे सगळं खपून जायचं.

हाताबद्दलच्या सूचना आधीही होत्या, पण त्या मार्गदर्शनाच्या स्वरूपात. २०१३-१४ पासून त्या थेट नियमात आल्या. ड्रिबलरवर हात किंवा कोपरापुढचा हात ठेवून राहणं, दोन्ही हात लावणं, हात पुन्हा पुन्हा टोचत राहणं आणि आडवा हात घालून त्याची वाट अडवणं, या चार गोष्टी आपोआप फाऊल ठरल्या. ओझरता एक स्पर्श या यादीत नाही, ठेवलेला हात आहे. हा फरक लोक विसरतात आणि ‘आता हातही लावायचा नाही’ असं म्हणत बसतात.

त्याच वर्षी ब्लॉक (धडकेत बचाव करणाऱ्याचा फाऊल) आणि चार्ज (हल्ला करणाऱ्याचा फाऊल) यांच्यातली रेघही सरकली. पूर्वी हल्ला करणारा हवेत जाईपर्यंत बचाव करणाऱ्याला त्याच्या वाटेत येऊन उभं राहता येत असे. नव्या नियमात, चेंडू घेऊन त्याचे हात वर जायला लागले की वाटेत शिरायचं नाही, शिरलात तर ब्लॉक. कागदावर स्पष्ट, मैदानावर अवघड. पंचाला एकाच क्षणी एकाचे पाय आणि दुसऱ्याचे हात बघावे लागतात. म्हणूनच ही रेघ पुढे पुन्हा हलवावी लागली. २०२३-२४ पासून कसोटी पायावर आहे : उडी मारण्यासाठी हल्ला करणारा शेवटचा पाय टेकवतो, त्याआधी बचाव करणारा जागेवर हवा.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हायचं तेच झालं. सीटन हॉल आणि नायगरा यांच्या एका सामन्यात ७३ फाऊल आणि १०२ फ्री थ्रो झाले. असला सामना बघणं म्हणजे शिक्षाच. पण मोसमाअखेर सरासरी ७१ गुणांवर गेली होती. पुढच्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, नियम तेच असूनही ती परत ६७.६ वर घसरली. माझ्या मते सगळ्या चर्चेचं सार या एका आकड्यात आहे. खेळाडू नियमाचं पुस्तक वाचत नाहीत, ते पंचाची शिट्टी वाचतात. पहिल्या चार मिनिटांत कमरेवरचा हात खपला तर उरलेली ३६ मिनिटं तो तिथेच राहतो.

२०१५-१६ मध्ये शॉट क्लॉक (एका हल्ल्यात शॉट मारायला मिळणारा वेळ) ३५ वरून ३० सेकंदांवर आला, बास्केटखालचं अर्धवर्तुळ (ज्यात मदतीला येऊन उभ्या राहिलेल्याला चार्ज मिळत नाही) ३ फुटांवरून ४ फुटांचं झालं, टाइमआउट कमी झाले आणि पोस्टमधल्या ढकलाढकलीवर पुन्हा जोर दिला गेला. सरासरी ७२च्या पुढे गेली. त्यामुळे ‘फाऊलचे नियम कडक केले म्हणून स्कोअर वाढला’ असं कुणी सरसकट सांगितलं तर सावध राहा. त्यात घड्याळाचा वाटा मोठा आहे.

आता मैदानावरचा परिणाम. बचाव करणाऱ्याचा कमरेवरचा हात नुसता अडवत नव्हता, समोरचा कुठे वळणार हे त्याला सांगतही होता. तो हात गेल्यावर अंदाज फक्त डोळ्यांनी आणि पायांनी घ्यायचा, म्हणून हातभर मागे सरकणं आलं. मागे सरकलं की शूटरला जागा मिळते. पुढे सरकून चिकटलं तर चपळ गार्ड (चेंडू हाताळणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू) बाजूने निघून जातो, मग मदतीला दुसरा धावतो, कोपऱ्यातला माणूस मोकळा सुटतो आणि थ्री पॉइंटर पडतो.

काही कोचांनी यावर झोनचा, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याच्या बचावाचा, आसरा घेतला. सिराक्यूजमध्ये कोच जिम बोहाइम यांचा २-३ झोन (दोघे पुढे, तिघे मागे) आधीपासून होताच. व्हर्जिनियात कोच टोनी बेनेट यांची पॅक-लाइन पद्धत आणखी बोलकी होती : चेंडूवर एकजण दबाव ठेवतो, बाकीचे चौघे बास्केटपासून साधारण १६ फुटांच्या काल्पनिक रेघेच्या आत थांबून वाट बुजवतात. हाताने ओढाओढी न करताही बचाव घट्ट ठेवता येतो, हे त्यांनी दाखवलं आणि २०१९ चं विजेतेपदही मिळवलं.

सर्वात जास्त झळ प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा बचाव, खेळणाऱ्यांना बसली. पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचे दोन हाफ असतात. हाफमधल्या सातव्या संघ-फाऊलपासून ‘वन अँड वन’ मिळतो, म्हणजे पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. हिशोब करून बघा. ७० टक्के अचूक शूटरला वन अँड वनमधून सरासरी ०.७ अधिक ०.४९, म्हणजे १.१९ गुण मिळतात आणि दोन थ्रोंमधून १.४. साध्या हाफ-कोर्ट हल्ल्यातून मिळतो जेमतेम एक. म्हणजे बास्केटपासून ६० फूट दूर, काही धोका नसताना मारलेला हात प्रतिस्पर्ध्याला त्याच्या साध्या हल्ल्यापेक्षा जास्त देऊन जातो. शूटर ५० टक्क्यांचा असेल तर वन अँड वनची किंमत ०.७५, म्हणून शेवटच्या मिनिटांत फाऊल कुणावर करायचा हे आधीच ठरलेलं असतं. नवव्या मिनिटालाच सात फाऊल झालेल्या संघाला पुढची ११ मिनिटं हात मागे ठेवून खेळावं लागतं. ती प्रेस नावालाच उरते.

वैयक्तिक मर्यादा पाच फाऊलची. पहिल्या हाफमध्ये दोन झाले की बहुतेक कोच खेळाडूला बसवतात. मला ही सवय अर्धीच पटते. बसवलेली मिनिटं परत मिळत नाहीत आणि बरेचदा तो खेळाडू तीन फाऊलवरच सामना संपवतो. उंच सेंटर, ज्याच्याऐवजी उतरवायला माणूस नाही, त्याला बसवणं समजू शकतो. गार्डला झोनमध्ये लपवता येतं.

तुम्ही संघ घडवत असाल तर आधी फाऊल मोजा, पण तीन रकान्यांत : ड्रिबलरवर हात, ड्राइव्हवर (बास्केटकडे मुसंडी मारणाऱ्यावर) अंग, आणि रिबाउंडला (हुकून परतलेला चेंडू घेताना) पाठीवरून चढणं. पहिला रकाना फुगला असेल तर दोष हाताचा नसून बहुधा पायांचा असतो. पाय उशिरा पोचले की हात पुढे जातो. दोन्ही मुठींत टेनिस बॉल धरायला लावून चार-पाच मीटर रुंद पट्ट्यात एकास एक खेळवा, ३० सेकंदांची पाळी. मूठ बंद असल्याने पकडता येत नाही आणि पाय आपसूक हलतात. हात ठेवला तर समोरच्याला एक गुण. इथे नेहमीची चूक अशी की मुलं पाय एकमेकांवर टाकून धावतात, कंबर वर येते आणि पहिल्याच क्रॉसओव्हरला (चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकून दिशा बदलण्याला) ती मागे पडतात. मागे पडल्यावर पाठीमागून चेंडूवर झडप घालायची नाही, पळून पुन्हा पुढे यायचं.

ड्राइव्हच्या रकान्यासाठी शिकवायचं ते सरळ वर उडी मारणं. दोन्ही हात कानांजवळून उभे हवेत. हात पुढे कलला की ती जागा तुमची नाही, तिथला धक्का तुमच्याच नावावर लागतो.

आणि एक, तुम्ही आपल्याकडे आंतरविद्यापीठ किंवा जिल्हा स्पर्धा खेळत असाल तर तिथे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम असतात. १० मिनिटांचे चार क्वार्टर, दर क्वार्टरला संघ-फाऊल शून्यापासून, पाचव्यापासून थेट दोन थ्रो, वन अँड वन नाहीच. म्हणजे २० मिनिटांत थ्रो न देता अमेरिकन कॉलेजला सहा फाऊल परवडतात, तुम्हाला चार अधिक चार. पण ते चार दुसऱ्या क्वार्टरला पुढे ओढता येत नाहीत. क्वार्टर संपायला मिनिटभर असताना संघाचे दोनच फाऊल झाले असतील, तर तेव्हाच फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) चेंडूवरच हात घालून थांबवणं स्वस्त पडतं.