विट्याच्या बोअरमधला हिरवा दगड

प्रश्न : सर, आमच्या घरात तीन पिढ्या गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा आहे. यंदा विट्याजवळच्या रानात बोअर मारलं तर चुऱ्यात हिरवेगार तुकडे आले. एकजण म्हणतोय हे तांबं आहे, तांब्याखाली सोनं असतं, अजून खोल मारा. मंगोलियात म्हणे असाच हिरवा डोंगर बघून खाण सापडली. खरंय का?
– एक वाचक, विटा

उत्तर : दादा, आधी बोअरची गाडी थांबवा, मग निवांत वाचा.

मंगोलियाचं खरंय. ओयु तोल्गोई म्हणजे फिरोजी टेकडी, गोबीच्या वाळवंटात. दगडावर तांब्याचा हिरवा डाग वरूनच दिसायचा, फार पूर्वी लोकांनी तिथं खणलंही होतं. पण हिरवं दिसलं आणि खाण लागली असं झालं नाही. १९९६ ला मॅग्मा कॉपरच्या लोकांची नजर पडली, ती कंपनी गेली बीएचपी या बड्या खाण कंपनीकडे, त्यांनी २३ भोकं मारली आणि नाद सोडला, मग आयव्हन्हो कंपनीनं जागा घेतली, तीपण वरवरचं तांबं मिळेल म्हणून, जमिनीत करंट सोडून कुठं तो साठून राहतोय ते मोजलं, भोकं मारतच राहिले आणि २००१ ला १५० नंबरच्या भोकात सलग ५०८ मीटर माल लागला! तांबं ०.८१ टक्के, सोनं टनाला १.१७ ग्रॅम. तुम्ही गलाईवाले, तुम्हाला हे बरोबर कळेल. एक टन दगड म्हणजे ट्रॉलीच्या तळाला वीतभरसुद्धा थर नाही, त्यातून आठ किलो तांबं आणि गुंजा मोजाव्यात एवढं सोनं. नुसत्या सोन्यावर एवढा पसारा अवघड, दोन्ही एकत्र म्हणून जमलं. तरी खाण चालू व्हायला २०१३ उजाडलं.

आता आपलं रान. मंगोलियातला तो दगड साधारण ३७ कोटी वर्षांपूर्वीचा, खाली शिलारस थंड होताना उकळतं पाणी भेगाभेगांत शिरलं आणि तांबं-सोनं सोडून गेलं. आपल्या सांगलीत जास्त करून काळा बेसाल्ट, लाव्ह्याचे थरावर थर, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्यांत सेलॅडोनाइट नावाचं हिरवं खनिज सर्रास मिळतं आणि तो रंग लोखंडाचा असतो, तांब्याचा नाही. मला तरी तुमचा तुकडा तोच वाटतो.

खात्री करायचीय? तुकडा बारीक कुटा, काचेच्या वाटीत व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात बुडवा. तांबं असलं तर खिळ्यावर लालसर मुलामा चढेल, तुम्ही चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडता ना, अगदी तसंच. खिळ्यावर लाली चढलीच नाही तर त्या माणसाला सरळ नाही म्हणा आणि पाणी लागलंय तेवढ्यावर मोटर बसवा.