शेअरचे पैसे खात्यात येण्याआधी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातला कारखानदार अशील विचारतो, "गुंतवणूकदाराचे पैसे आलेत, मशीन घेऊ का?" आधी थांबवा. प्रायव्हेट प्लेसमेंटला, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांना शेअर देण्याला, कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ लागतं: भागधारकांचा विशेष ठराव, मग तो कंपनी निबंधकाकडे नोंदवणारा फॉर्म एमजीटी-१४, त्यानंतरच पीएएस-४ हे ऑफरपत्र. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल ठरावाआधीच हातात हवा. पैसे शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या खात्यात, अर्जदाराच्याच खात्यातून. रोख अजिबात नाही. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हे वाटपाचं विवरणपत्र. ते भरेपर्यंत एक रुपयाही वापरता येत नाही, आणि चूक बहुतेक इथेच होते: पैसे चालू खात्यात घेतले की पगारात निघून जातात. ६० दिवस हुकले तर पुढच्या १५ दिवसांत परतावा, नाहीतर १२ टक्के व्याज. तारखांचा कागद पहिल्याच बैठकीत अशिलाच्या अकाउंटंटकडे द्या.